वाक्याच्या टोकाचं ‘नाही’

काही भाषांत ‘नाही’ आधी येतं. माणूस तोंड उघडतो न उघडतो तोच नकार दारात उभा, आणि मग त्याच्या मागून कोण, कुठं, केव्हा, कशासाठी अशी सगळी वरात. आपलं उलटं. आपण सगळं सांगून होईस्तोवर ‘नाही’ला मागच्या खोलीत बसवून ठेवतो आणि श्वास संपता संपता बाहेर काढतो. ऐकणाऱ्याचा जीव तोवर टांगणीला.

तिचं अख्खं आयुष्य या दोन टोकांमधल्या वाटेवर गेलं होतं. समोरच्याच्या वाक्याच्या तोंडाशी मिळालेलं ‘नाही’ उचलायचं, भरल्या घागरीसारखं न हिंदकळू देता सगळं वाक्य चालायचं, आणि आपल्या वाक्याच्या टोकाशी अलगद उतरवायचं. एकोणीस वर्षं बालकल्याण कचेरीत ती हेच करत आली. लांबून कामासाठी आलेल्या लोकांची ती भाषा शहरात तिच्याइतकी कुणाला येत नव्हती. कचेरीत तिला दुभाषीबाई म्हणत, आणि टायपिस्ट म्हणे ताई. टायपिस्टलाही नाव होतंच, पण तिच्या बोटांच्या आवाजावरून सगळे तिला खटखट म्हणत आणि तीही फोन उचलून ‘हं, खटखट बोलतेय’ असंच म्हणे.

घागर पहिल्यांदा सांडली ती आठ महिन्यांपूर्वी. एका साक्षीदाराचं वाक्य अर्ध्यावर आलं आणि त्याचं तोंड कुठं होतं ते तिला कळेना. तिनं हसून ‘पुन्हा सांगा’ म्हटलं. कुणाच्या लक्षातही आलं नाही. पण त्याच महिन्यात डाव्या डोळ्यापुढे धुरकट पडदा आला, पायांना मुंग्या आल्या, आणि शेवटी ती मोठ्या दवाखान्यातल्या यंत्राच्या बोगद्यात आडवी झाली.

बोगद्यात तिच्याकडून एक खेळ खेळवून घेतला. पडद्यावर एकेक आकडा यायचा. दोन घरं मागे आलेलाच आकडा परत आला की बटण दाबायचं. सात, चार, सात: दाबा. नऊ, दोन, नऊ: पुन्हा दाबा. तिनं सगळी बटणं बरोबर दाबली. बाहेर आली तेव्हा कपडे घामानं अंगाला चिकटले होते.

डॉक्टरीणबाई तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान असेल. बोलताना पेनाचं टोपण चावायची.

“शब्द घटकाभर धरून ठेवायचं काम मेंदूतल्या कुठल्याही एका कप्प्याचं नसतं,” ती म्हणाली. “हा कपाळामागचा भाग, हा टाळूच्या मागचा, आणि दोघांच्या मधल्या तारा. सगळे मिळून धरतात. तुमच्या तारांवरचं आवरण जागोजागी झिजलंय. मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणतात याला.”

“पण मी एकही बटण चुकले नाही.”

“त्याचीच मला काळजी आहे.” तिनं दोन चित्रं शेजारी ठेवली. “हे निरोगी माणसाचं. याच खेळाला चार खोल्यांत दिवे लागलेत. आणि हे तुमचं.”

तिच्या चित्रात घरभर दिवे होते.

“तेवढ्याच कामाला तुमचा मेंदू दुप्पट माणसं लावतोय. म्हणून वरून काही दिसत नाही. काम वाढलं, गोंगाट झाला, जीव घाबरला, की लावायला माणूसच उरत नाही. मग एकदम सांडतं. आणि हा भाग बघा, काम नसताना आपण मनात भटकतो तो. काम सुरू झालं की यानं गप्प बसायचं असतं. तुमचा बसत नाही.”

“म्हणजे पाहुणे आले तरी आतून बोलत राहणारी सासू.”

डॉक्टरीण हसली. मग हसू आवरून म्हणाली, “औषधानं नवी झीज कमी होईल. झालेली भरून येईल असं मी सांगणार नाही.”

घरी येताना तिच्या डोळ्यांपुढे सारख्या बायका येत होत्या. विहिरीपासून घरापर्यंत ओळीनं उभ्या, एकीच्या हातातून दुसरीच्या हातात भरलेलं भांडं जातंय. मधल्या दोघीतिघी ओळीतून उठून गेल्यात, आणि उरलेल्या धावत धावत त्यांची जागा भरतायत. भांडं पोचतंय अजून. पण धापा ऐकू येतायत.

कचेरीत तिनं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी खुर्चीत दुसरं कुणी असतं, आणि त्या खुर्चीबाहेर आपण कोण हे तिला ठाऊक नव्हतं. त्याऐवजी तिनं एक युक्ती काढली. समोरच्यानं ‘नाही’ म्हटलं की डाव्या हाताचा अंगठा मुठीत घ्यायचा. वाक्याच्या टोकाशी ‘नाही’ उतरवलं की अंगठा सोडायचा. डोक्यानं धरवत नसेल तर हातानं धरावं. टेबलाखाली, कुणाला न दिसता, सहा-सात महिने तिनं असे कितीतरी नकार मुठीतून पार केले.

त्या दिवशी दहा वाजता धुलाईवालीची सुनावणी होती. ही बाई दवाखान्यांच्या चादरी धुण्याच्या कारखान्यात कामाला. हात कोपरापर्यंत लाल, नखं पांढरी पडलेली. तिची चार वर्षांची मुलगी तीन महिन्यांपासून कचेरीच्या बालगृहात होती. खोलीत मुलगी एकटी आणि स्टोव्ह पेटलेला, असं कुणीतरी कळवलं होतं. आजचा जबाब झाला की चारला निकाल. मुलगी आईकडे जाणार की कायमची दुसऱ्या घरात, एवढाच प्रश्न.

“विचारा त्यांना,” सुनावणी घेणारे साहेब म्हणाले, “त्या दिवशी नक्की काय झालं. आणि थोडक्यात सांगायला सांगा.”

धुलाईवालीला थोडक्यात येत नव्हतं. तीन महिने तिचं कुणी ऐकलं नव्हतं, आता तिची भाषा समजणारं माणूस पुढ्यात होतं, आणि ती सुटली. शेजारणीचं, किल्लीचं, कारखान्याच्या भोंग्याचं, मुलीच्या तापाचं. वाक्याला वाक्य जोडून, मधेच रडून, रडतानाच पुढचं सांगून. पलीकडच्या खोलीत कुणीतरी लोखंडी कपाट फरशीवरून ओढत होतं. खटखटची बोटं नाचत होती. दुभाषीबाई बोलत होती, अंगठा आत, अंगठा बाहेर, आणि आतली सासू बडबडत होती: औषध घेतलं का, पाय बधिर होतोय का, ही किती बोलतेय, ही किती बोलतेय.

बाराला पाच कमी असताना संपलं. नियमानं जबाब बाईला तिच्या भाषेत परत वाचून दाखवायचा असतो. साहेबांनी घड्याळ पाहिलं.

“राहू दे. दुभाषीबाईंनी केलंय म्हणजे बरोबरच असणार. एकोणीस वर्षांत काना-मात्रा इकडचा तिकडे नाही. घ्या सही.”

धुलाईवालीनं दुभाषीबाईकडे पाहिलं. तिनं मान हलवली. धुलाईवालीनं सही केली.

मग दुभाषीबाई हात धुवायला गेली. उजव्या हातानं नळ सोडला, साबण घ्यायला डावा पुढे केला, आणि डावा उघडेना. मूठ घट्ट. आत अंगठा.

ती तशीच उभी राहिली. पाणी वाहत होतं.

एक ‘नाही’ उतरवायचं राहिलं होतं. तिनं उचललं होतं, हातात होतं, पोचवलं नव्हतं. कुठलं? तिनं डोळे मिटले आणि सकाळ आठवायला गेली. धुलाईवालीचे लाल हात आठवले, कपाटाची करकर आठवली. वाक्यं गेली होती. दुभाषाच्या डोक्यात वाक्य राहत नाही, पार होतं. राहू लागलं तर पुढचं ऐकणार कसं? एकोणीस वर्षं ज्या गुणावर ती जगली तोच आता घात करत होता.

ती धावत खटखटकडे गेली.

“मला प्रत दे जबाबाची.”

“अगं ताई, जेवायला तर दे. तोंड का असं झालंय? भूत बघितलंस?”

“दे ना गं.”

खटखटनं डबा बाजूला सारून अकरा पानं दिली. ती जिन्यात बसली आणि वाचू लागली. ‘मी दार बाहेरून लावून घेतलं.’ शेजारी मनातल्या मनात ठेवून पाहिलं: मी दार बाहेरून लावून घेतलं नाही. दोन्ही खरी वाटली. ‘शेजारीण येईपर्यंत मी थांबले.’ थांबले नाही? ‘स्टोव्ह बंद केल्याचं मला आठवतं.’ ‘याआधी मी तिला एकटं ठेवलं आहे.’ हेच असेल. मग पुढचं वाचलं आणि तेही तसंच वाटलं. वाक्यं त्रेसष्ट होती, त्यांतली काही धुलाईवालीला मुलगी देणारी, काही हिरावणारी, आणि प्रत्येकाच्या शेपटाला एक रिकामी जागा. या कागदांत कुठंतरी एक आई उलटी टांगली होती आणि ती कुठं ते तिला शोधून सापडत नव्हतं.

तिनं नवऱ्याला फोन लावला. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. मागे यंत्राची घरघर होती.

“सांगितलंच असशील,” तो सगळं ऐकून म्हणाला. “अंगठा सोडायचा राहिला असेल, एवढंच. बोलायचं बोललीस, हात विसरला.”

“असंही असेल.”

“मग?”

“आणि नसेल तर?”

घरघर थांबली. त्यानं यंत्र बंद केलं असावं.

“हे बघ, तू आत जाऊन काय सांगणार? माझ्या अंगठ्यावरून निकाल थांबवा? हसतील तुला. आणि नाही हसले तर खुर्ची जाईल. घरी बसून काय करशील तू? माझ्याशी तर दोन भाषांत मिळून चार वाक्यं बोलतेस.”

“अरे, थट्टा नको ना.”

“थट्टा नाही करत. घाबरलोय मी.” तो म्हणाला. “तू घरी बसलेली मला बघवणार नाही गं.”

तिनं फोन ठेवला. खाली बाकावर धुलाईवाली बसली होती. चारची वाट बघत. मांडीवर मुलीचा स्वेटर होता आणि ती त्याची घडी घालत होती, उलगडत होती, पुन्हा घालत होती. सुनावणीबाहेर पक्षकाराशी बोलायची दुभाषाला बंदी. नाहीतर विचारलं असतं, बाई गं, काय काय नाकारलंस तू सकाळी?

अडीचला ती साहेबांच्या खोलीत गेली. खटखट तिथंच बसून निकालाचा मसुदा टाइप करत होती.

“कुठलं वाक्य?” साहेबांनी विचारलं.

“माहीत नाही.”

“मग काय चुकलं हे कसं माहीत?”

तिनं मूठ वळून दाखवली. अंगठ्याचं सांगितलं, आजाराचं सांगितलं, तारांचं, दिव्यांचं, सगळं. साहेब चष्मा काढून ऐकत होते.

“बाई, तुम्ही दमला आहात,” ते शेवटी म्हणाले. “पाच मिनिटं न अडखळता बोललात. मेंदूचं दुखणं असलेलं माणूस असं बोलतं होय? माझी बोलती बंद केलीत.”

“बोलणं शाबूत आहे, साहेब. धरणं गेलंय.”

“मला फरक कळत नाही.”

“मग परीक्षा घ्या. आधी ‘हो’ म्हणा किंवा ‘नाही’ म्हणा. मग एक लांब वाक्य सांगा. मी ते आपल्या रीतीनं परत म्हणेन.”

साहेबांना गंमत वाटली. “बरं. नाही. परवा सकाळी नऊला शिपायानं तिसऱ्या मजल्यावरच्या कपाटातून दोन निळ्या फायली मला विचारल्याशिवाय खाली नेल्या.”

“परवा सकाळी नऊला शिपायानं तिसऱ्या मजल्यावरच्या कपाटातून दोन निळ्या फायली तुम्हाला विचारल्याशिवाय खाली नेल्या नाहीत.”

“बघा!”

“अजून एक. लांब.”

त्यांनी दिलं. तिनं ते चोख परत केलं. तिसरंही केलं. डोक्यातल्या सगळ्या बायका ओळीला येऊन उभ्या राहिल्या होत्या, धापा टाकत होत्या, आणि भांडं काही सांडू देत नव्हत्या. आयुष्यभर ती चुकू नये म्हणून झटली. आज तिचा जीव चुकण्यासाठी तळमळत होता आणि चूक फिरकत नव्हती. साहेब हसू लागले. मसुद्याची टाइप झालेली पानं पुढे ओढून घेतली.

“जा, चहा घ्या.”

“एक शेवटचं,” ती म्हणाली. “तुमच्या पाया पडते, एक. खटखट, तू टाइप करत राहा. थांबू नकोस. साहेब, खऱ्या फाइलमधलं वाचा. तिच्या.”

साहेब वैतागले. पण त्यांनी फाइल उघडली, बालगृहाचा अहवाल काढला आणि जरा भरभरच, मनातल्या मनात जुळवत, वाचला. मधेच टेबलावरचा फोन वाजू लागला. तो त्यांनी उचलला नाही.

“नाही. बालगृहाच्या नोंदीप्रमाणे मुलगी पहिल्या महिन्यात इतर मुलांबरोबर मोठ्या खोलीत, दिवा चालू ठेवला तरी, दाईनं मांडीवर घेतलं तरी, आईचा फोटो उशाशी ठेवला तरी, सलग दोन तास झोपली.”

“बालगृहाच्या नोंदीप्रमाणे मुलगी पहिल्या महिन्यात,” ती म्हणाली, “मोठ्या खोलीत, दिवा चालू ठेवला तरी, दाईनं मांडीवर घेतलं तरी…”

फोटो. उशाशी फोटो. कुणी दिला असेल फोटो? फोन वाजतोय. बोटं चालताहेत. तिनं हात मोकळे ठेवले होते, दोन्ही टेबलावर, पालथे.

“…आईचा फोटो उशाशी ठेवला तरी, सलग दोन तास…”

तिनं साहेबांच्या तोंडाकडे पाहिलं, जणू तिथं लिहिलेलं असेल.

“…झोपली,” ती म्हणाली.

टायपिंग थांबलं. फोनही वाजायचा थांबला.

“ताई,” खटखट हळूच म्हणाली, “‘नाही’ होतं.”

साहेबांनी फाइल मिटली. बराच वेळ ते तिच्या पालथ्या हातांकडे बघत राहिले. मग मसुद्यावर उभी रेघ मारली.

“जबाब रद्द,” ते म्हणाले. “सगळाच. आता पुन्हा सुनावणी, दुसरा दुभाषी. या भाषेचा माणूस बाहेरून मागवावा लागेल. पाच-सहा आठवडे धरा.”

“साहेब, आत्ता तिला बोलावून वाचून दाखवलं तर? एकेक वाक्य. ती सांगेल कुठं चुकलं.”

“कुणाच्या तोंडानं दाखवू? तुमच्याच?”

तिनं पालथे हात टेबलावरून काढून घेतले.

“आणि मुलगी?” तिनं विचारलं.

“तिथंच.” साहेबांनी नजर चुकवली. “हे त्या बाईला सांगावं लागेल. आज सांगायला माझ्याकडे दुसरं कुणी नाही. एवढं एक करा. नोंदीवर घेऊ.”

धुलाईवाली आत आली ती हसतच. चार वाजायच्या आधी बोलावलं म्हणजे चांगलीच बातमी असणार, असं तिनं धरलं होतं. स्वेटर छातीशी होता.

दुभाषीबाईनं सांगितलं. चूक माझी, असं त्या भाषेत सांगताना क्रियापद लागत नाही. दोनच शब्द. ते सांगितले. मग आजाराचं सांगितलं, सहा आठवड्यांचं सांगितलं. धुलाईवालीचं हसू लगेच गेलं नाही. चेहऱ्यावर तसंच राहिलं, आणि त्याच्या मागून ती बोलू लागली.

“काय म्हणतायत?” साहेबांनी विचारलं.

दुभाषानं काही गाळायचं नसतं. तिनं पाठ सरळ केली.

“त्या म्हणतायत, तुला मूल असेल तर त्याला तुझा आवाज ओळखू येऊ नये. त्या म्हणतायत, माझ्या तोंडात तू राहत होतीस आणि आतून मला खाल्लंस. त्या म्हणतायत, तुझी जीभ…”

खटखट टाइप करत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि बोटं चालू होती. धुलाईवाली आता उभी होती, टेबलावर वाकून, आणि वाक्य लांबत चाललं होतं, एका नकारातून दुसरा निघत होता, मुलीचं नाव तीनदा आलं, कारखाना आला, ताप आला, देव आला.

दुभाषीबाईचे ओठ हलले. आवाज आला नाही.

“माफ करा,” ती त्या भाषेत म्हणाली. “तोंडाकडचं गेलं माझं. पुन्हा सांगाल?”

धुलाईवाली थांबली. समोरच्या चेहऱ्यावर घाम होता, डोळे कुठंतरी शोधत होते, अंधारात पायरी शोधावी तसे. चूक माझी म्हणून सांगितलेलं तिनं ऐकलं होतं. आता तिला ते दिसलं. तिचे लाल हात टेबलावर टेकले. ती खाली बसली.

राग उतरला नव्हता. शब्दही तिनं बदलले नाहीत. पण वाक्य मोडलं. लहान मुलाला भाकर कुस्करून द्यावी तसे त्याचे तुकडे केले, आणि एक तुकडा पुढे ठेवून थांबली.

“त्या म्हणतायत,” दुभाषीबाई म्हणाली, “माझी मुलगी रोज खिडकीत उभी राहते.”

धुलाईवालीनं मान हलवली आणि पुढचा तुकडा दिला.

“त्या म्हणतायत, तिला आठवडे मोजता येत नाहीत.”

पुढचा.

“त्या म्हणतायत, तिला हे तू जाऊन सांग.”